अकरा फ्लॉप्यांची हळद

"कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला, "पण ह्या फ्लॉपीवरून आष्टी आगाराची आख्खी एसटी गेलती. पंचावन्न शिटं, अन् टपावर दोन बोकडं. मी उचलली, फुंकर मारली, मशीनला लावली. एक अक्षर हाललेलं न्हाई!"

संगीताने फ्लॉपी त्याच्या हातातून घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. "काका, टायरचा वळ कुठंय मग?"

"पुसला की मी."

बीडच्या बसस्टँडसमोरचं त्याचं दुकान चार फूट रुंद. कधीकाळी मराठी टायपिंग आणि लग्नपत्रिकांवर चालायचं, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मवर. आत त्याची खुर्ची, समोर संगीताचा लॅपटॉप आणि बाहेर जायच्या एकमेव वाटेवर, ऐन उंबऱ्यात, वच्छलाबाई बसलेल्या. पाय पसरून, काठी आडवी टाकून. त्यांना उठवल्याशिवाय त्याला लघवीलासुद्धा जाता येणार नव्हतं.

वच्छलाबाई म्हणजे तात्याबाची बायको, संगीता त्याची लेक. तात्याबा मेंढरं वळायचा आणि चालता चालता ओव्या रचायचा. सव्वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याचा कळप बीडजवळच्या रानात बसला होता. तेव्हा तो रोज दुपारी घोंगडं खांद्यावर टाकून दुकानात यायचा, ओव्या सांगायचा आणि उत्तरेश्वर त्या टाइप करायचा. चाळीस दुपारी, अकरा फ्लॉप्या. कागदावर काढू सावकाश, असं दोघंही म्हणत राहिले. गेल्या चैत्रात तात्याबा गेला, कागद काही निघाला नाही.

जाण्याआधी तो बायकोला म्हणाला होता, "तुझ्यावरबी एक केलीय. उत्तरेश्वरकडं लिवून ठिवलीय. मी मेल्यावर ऐक."

तेवढ्यासाठी वच्छलाबाई आष्टीहून एसटीने आल्या होत्या. आणि संगीताने, जी तिथल्या शाळेत संगणक शिकवायची, फ्लॉपी वाचणारा वहीएवढा डबा मुद्दाम मागवला होता.

"काळजी नको, वहिनी," नारायणगडाच्या जत्रेत दरवर्षी भेट झाली की उत्तरेश्वर छाती ठोकून सांगायचा, "तात्याबा माझ्या कपाटात ठणठणीत हाय." पहिली काही वर्षं ते खरंही असावं. पण तीन वर्षांपूर्वी त्याने एकदा जुन्या मशीनवर साऱ्या फ्लॉप्या लावून पाहिल्या होत्या. अकराच्या अकरा मुक्या. त्या दिवसापासून त्याने छाती जरा जास्तच जोरात ठोकायला सुरुवात केली होती.

संगीताने पहिली फ्लॉपी आत सरकवली. खर्र, खर्र, खट्ट. लॅपटॉपने विचारलं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?

"न्हाई म्हण! न्हाई म्हण!" उत्तरेश्वर ओरडला. आणि लगेच पस्तावला. ती हो म्हणाली असती तर सगळं पाप त्या डब्याच्या माथी गेलं असतं.

"लाइटीला जोर नसंल," तो म्हणाला.

"लॅपटॉप बॅटरीवर हाय, काका."

"मग गरम झाला असंल. बीडचं ऊन लई बेकार. मागच्या साली माझ्या माउसला घाम फुटलता."

संगीता हसली नाही. तिने फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण नखाने सरकवलं, आत निरखलं आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा निरखलं.

"काका, आत हळद हाय."

उत्तरेश्वर कपाटाकडे बघू लागला.

"कुंकूबी हाय."

"खंडेनवमीला कुणी विळे-कुऱ्हाडी पुजतं, कुणी ट्रॅक्टर," तो खाली बघत म्हणाला. "मी ह्या पुजायचो. झाकण सरकवून. देवाचं दार बंद ठिवून पूजा कशी करायची?"

त्या दिवसभरात तो जे बोलला त्यातलं हे एवढंच खरं होतं, आणि तेच ऐकून संगीताने कपाळावर हात मारला.

तरीही पोरगी हिकमती. तिने ब्लेडने फ्लॉपीचं कवच उघडलं, आतली तपकिरी चकती काढली, डिस्टिल्ड पाण्यात कापूस बुडवून हलक्या हाताने पुसली, वाळवली आणि नव्या फ्लॉपीच्या कवचात बसवली. स्पिरिट लावून डब्याचं वाचणारं डोकं पुसलं. पुन्हा खर्र, खट्ट. दुसरी, तिसरी. सहावी चकती तिने दाराच्या उजेडात धरली. चकतीवर गोल गोल चरे होते आणि त्यांतून रस्त्यावरची रिक्षा आरपार दिसत होती.

"कुणीतरी ह्या आधी लावून बघितल्यात," ती म्हणाली. "पहिलीची हळद मशीनच्या डोक्याला लागली अन् त्याच डोक्यानं बाकीच्या सगळ्या खरवडल्या. एक लावून थांबलं असतं तर दहा वाचल्या असत्या."

"कुणी लावल्या असतील?" उत्तरेश्वर म्हणाला.

संगीताने त्याच्याकडे पाहिलं. चकती खाली ठेवली.

"घावली का माझी ओवी?" उंबऱ्यातून आवाज आला. वच्छलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण कान हरणाचे. "खरखर बंद झाली म्हणून इचारते."

"चहा सांगून येतो, वहिनी," तो उठला.

"बसा हो भाऊ. चहा कुठं पळून चाललाय?"

काठी जागची हलली नाही. उत्तरेश्वर मागे फिरला, कपाटात हात घातला आणि जे हाताला लागलं ते बाहेर काढलं. बारावी फ्लॉपी. तिला हळद नव्हती, कारण ती कधी पूजेला बसलीच नव्हती. "ही राहिलीच की!" तो म्हणाला.

ती पहिल्या झटक्यात चालली. पडद्यावर एक फाइल उघडली आणि इंग्रजी अक्षरांचा, अर्धविरामांचा, कंसांचा नुसता भुसा पसरला.

"जुना मराठी फॉन्ट," संगीता म्हणाली. "माझ्याकडं न्हाई. घरी जाऊन शोधते, आई."

"घरी कावून?" वच्छलाबाई म्हणाल्या. "भाऊला येत असंल की वाचता."

भाऊला येत होतं. वीस वर्षं तो त्याच फॉन्टमध्ये जगला होता, कुठल्या चिन्हाखाली कुठलं अक्षर दडलंय हे त्याच्या बोटांना पाठ होतं. त्याने वाचलं: आमच्या येथे श्रीकृपेकरून. खाली वधूवरांची नावं, मुहूर्त, आणि शेवटी, कृपया आहेर आणू नये.

त्याने घसा खाकरला. तात्याबाची ती ओवी आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. शब्द एकही आठवेना. आठवलं ते एवढंच की ती सांगताना एवढा रांगडा गडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

"वाचा की," वच्छलाबाईंनी पाय जवळ घेतले, पदर सारखा केला. पाहुण्यांसमोर बसावं तशा बसल्या. संगीताने वही उघडली.

उत्तरेश्वर पडद्याकडे बघत, लग्नाच्या मुहूर्तावर बोट ठेवून, म्हणू लागला. आवाज थेट तात्याबाचा लावला.

"मेंढरं गेली पुढं पुढं, धूळ राहिली मागं..."

वच्छलाबाईंची मान हळूहळू डोलायला लागली. ते बघून त्याला हुरूप आला. आता वहिनीला सोन्यानं मढवून टाकतो, असं मनाशी म्हणत त्याने पुढची ओळ उचलली.

"धुळीमधी माझी वच्छला..."

मान थांबली.

"खोटं हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज चढा नव्हता, पण शेजारच्या टपरीवाल्यालाही ऐकू गेला. "भाऊ, हे खोटं हाय. आमच्यात गडी बायकूचं नाव घेत न्हाई. चाळीस वर्सात त्यांनी मला कदी नावानं हाक मारली न्हाई."

मग त्यांनी काठी उचलली आणि त्याची वाट मोकळी केली.

संगीताच्या वहीत नाव अर्धंच उतरलं होतं. 'वच्छ' एवढ्यावर पेन थांबलं होतं.