वाकडं तोंड

सुई हातात शिरली आणि मिक्सरवाल्यांचं तोंड वाकडं झालं. रक्त काढणारी मुलगी क्षणभर नळीकडे बघायचं विसरून त्यांच्याकडेच बघत राहिली. मग तिने सुई काढली, कापूस ठेवला आणि हसू आवरेना म्हणून खालचा ओठ दातांत धरला.

"रागावू नका हं काका," ती म्हणाली. "पण हे तोंड मी रोज बघते."

"माझं?"

"थांबा, दाखवते."

तिने हातमोजे काढले आणि खिशातून फोन काढला. मैत्रिणींचा ग्रुप होता. कुणीतरी लिहिलं होतं, 'रविवारी पुन्हा ड्यूटी', आणि त्याखाली मिक्सरवाले होते. छातीपर्यंतच, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, मागे भिंत नाही की माणूस नाही. एक डोळा मिटलेला, नाक वर चढलेलं, ओठ कडू काढा प्यायल्यासारखे आवळलेले.

"कंटाळा आला, वैताग आला, कुणी फारच शहाणपणा शिकवायला लागलं, की आम्ही तुम्हाला पाठवतो. आमच्या ग्रुपवर तुमच्याइतकं दुसरं कुठलं स्टिकर चालत नाही."

"पण मी तुमच्याकडे आलो कुठून?"

"काय माहीत! कुणीतरी पाठवलं, मी ठेवून घेतलं. फिरत असतं ते असंच." मग तिचं हसू जरा मावळलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की," मिक्सरवाले म्हणाले आणि कापूस दाबून धरत बाहेर पडले.

रस्त्यावर जो तो फोनमध्ये मान घालून होता. एरवी त्यांचं लक्षही गेलं नसतं. आज मात्र थांब्यावर एकटीच हसणारी बाई दिसली आणि त्यांनी वाट बदलली. सबंध गावात आपलं हसं झालेलं आणि आपल्यालाच पत्ता नाही!

आपल्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात येऊन ते स्टुलावर बसले. त्यांच्याही फोनमध्ये तेच ॲप होतं. भाचीने ते घालून दिलं तेव्हा किती हौसेने शिकवलं होतं: हे दाबलं की समोरचा दिसतो, हे दाबून बोललं की आवाज जातो, इथून फोटो, इथून आपण कुठे आहोत ते. मिक्सरवाल्यांनी सगळं समजून घेतलं होतं. पण दिसायला समोर कुणी तरी हवं ना. त्यांना निरोप यायचे ते गिऱ्हाइकांचे. 'झाला का?' असं यायचं, आणि मिक्सर झाला असेल तर ते 'झाला' असं लिहायचे, नसेल तर 'उद्या'. सुट्टीच्या दिवशी तेही नाही. दुकानामागच्या खोलीत एका माणसाचं शिजवायचं, एका माणसाचं ताट धुवायचं, आणि फोन चार्जिंगला लावताना ध्यानात यायचं की आज आपण अक्षर बोललेलो नाही. ज्याला 'जेवलास का' म्हणून विचारायला कुणी नव्हतं, त्याचं तोंड मात्र परक्या घरांत रोज जेवणाच्या टेबलावर हजर होतं. रागापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

आणि मग त्यांना आठवला चित्रातला तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. तो त्यांनी एकदाच घातला होता, बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. म्हणजे उद्योग घरातलाच! त्यांनी भाचीला फोन लावला आणि नुसतं म्हणाले, "ये."

मामा आपणहून कधी फोन करत नाही, म्हणून ती ऑफिसमधून थेट घाबरीघुबरी होऊन आली.

"काय झालं मामा? बरा आहेस ना?"

"ते तोंड कुणी केलं?"

तिला कळलं. तिने गंभीर राहायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि ती तोंडावर हात धरून हसली.

"हसू नकोस. तू केलंस?"

"नाही रे."

"मग तुझ्या भावाने. त्याचीच अक्कल."

"त्यानेही नाही." ती टेबलावरच्या वाटीतले स्क्रू उगाच चाळवू लागली. "मोठ्या मामाने."

मोठ्याचं नाव या दुकानात निघत नसे. एके काळी दोघा भावांचं एकच दुकान होतं आणि एकच टेबल. एकदा भर गिऱ्हाइकांत मोठा म्हणाला होता, "तू सरक, तुला नाही जमायचं." धाकटा सरकला. इतका सरकला की गावाच्या पार दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून अबोला. धाकट्याने यावं, मानाने मी मोठा, असं मोठ्याचं म्हणणं. ज्याने तोंड सोडलं त्याने यावं, असं धाकट्याचं. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि दोघंही एकेकटे.

"बरा सापडलो मी त्याला," ते शेवटी म्हणाले. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी गप्प बसायचं का? काढून टाक म्हणावं ते."

"आता कसं निघणार? तो सगळ्यांना पाठवत असतो. सकाळी उठला की पहिलं आईला, मग मला. चहा प्यायला की तू, पाय दुखला की तू."

"मला नाही कधी पाठवलं."

हे आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. भाचीचं हसू थांबलं.

"माझ्याकडूनच शिकला तो," ती हळू म्हणाली. "एवढ्या माणसांच्या फोटोतून एकाला वेगळं कसं काढायचं ते. त्याने तुलाच काढलं. खांद्यावरचं तेवढं नीट कापलं गेलं नव्हतं. मी म्हटलं, दे, साफ करते. तर ओरडलाच माझ्यावर. म्हणाला, त्याला हात लावू नकोस."

"खांद्यावरचं कसलं?"

तिने चित्र मोठं करून फोन त्यांच्या पुढे धरला. शर्टाच्या पट्ट्यांवर, खांद्याच्या कडेला, मागून आलेलं काहीतरी होतं. त्यांना आधी ग्रीसचे डाग वाटले. मग दिसली चार बोटांची टोकं, आणि मधल्या बोटाचं काळं नख. एकत्र दुकान असताना मोठ्याचं पंख्याच्या पात्यात चेचलेलं, पुन्हा कधी नीट न उगवलेलं.

त्या दिवशी फोटो काढणाऱ्याने उंची बघून दोघा भावांना शेजारी उभं केलं होतं. 'हसा' म्हणाला, आणि त्याच वेळी खांद्यावर हात पडला होता. जड, ओळखीचा. मिक्सरवाल्यांना तेव्हा भडभडून आलं होतं. चारचौघांत रडू फुटू नये म्हणून त्यांनी तोंड आवळून घेतलं होतं, आणि फोटो झाल्याबरोबर न जेवता निघून आले होते. लोकांना त्या तोंडात वैताग दिसत होता. दिसेना का.

"सांगू का त्याला, पाठवत जाऊ नकोस म्हणून?" भाचीने विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मला दे ते."

ती गेल्यावर त्यांनी मोठ्याचं नाव उघडलं. पडदा पार कोरा होता. 'कसा आहेस' असं लिहिलं, आणि पुसलं. 'मी बोलतोय' असं लिहिलं, तेही पुसलं. मग आपलंच वाकडं तोंड, खांद्यावरच्या बोटांसकट, पाठवून दिलं आणि फोन टेबलावर ठेवला.

दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. पुढे बराच वेळ काही नाही. मिक्सरवाले एक भांडं पुसत राहिले, पुसून झालेलं पुन्हा पुसत राहिले. मग फोन वाजला.

'तोंड सरळ कर.'

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. बाहीने डोळे पुसून त्यांनी तोंड सरळ केलं.