काशम्माचे बावीस गुण

"रजिस्टर सापडत नाही गं. सोमवारी ये," वच्छला म्हणाली आणि टाइपरायटरमध्ये कागद घालू लागली. कागद दोनदा वाकडा गेला.

"सोमवारी काय उपेग? शनवारी अर्ज पुण्यात पोचला पायजे की," काशम्मा म्हणाली. "हुडक निवांत. मी बसते हितंच."

आणि ती खरंच बसली. कॉलेजच्या जिमखान्याच्या ऑफिसात एकच बाक होता. त्याच्यावर हवा गेलेले चार चेंडू पडले होते. ते तिने बाजूला सारले, पायातल्या चपला काढून बाकाखाली नीट लावल्या आणि पदराने मान पुसली. मार्च महिना, सोलापूरचं ऊन, आणि अक्कलकोटहून एसटीत उभं राहून आलेली बाई. ती काही लवकर उठणार नव्हती.

रजिस्टर वच्छलाच्या टेबलाच्या खणात होतं. वरचा खण, डाव्या हाताला. इतक्या जवळ की नुसता गुडघा हलवला तरी खणाला लागत होता. चार वर्षं याच ऑफिसात कारकून असलेल्या बाईला रजिस्टर सापडत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? वच्छलाचा स्वतःचाही बसला नसता. पण तोंडातून निघून गेलं होतं, आणि आता ते ओढत न्यावं लागणार होतं.

त्या रजिस्टरावर लाल शाईने 'बास्केटबॉल (मुली)' असं लिहिलेलं होतं. आत रकाने होते: तारीख, ठिकाण, समोरचा संघ, आपले गुण, त्यांचे गुण, खेळाडूवार गुण, शेरा. अडुसष्ट ते एकाहत्तर या तीन वर्षांत कॉलेजच्या मुली तेवीस सामने खेळल्या. चौदा जिंकल्या. त्या चौदांतले पाच विजय समोरचा संघ आलाच नाही म्हणून मिळाले होते, कारण पाच मुली घराबाहेर काढणं हे पुष्कळ कॉलेजांना जमायचं नाही. पण रजिस्टरात विजय तो विजय. आणि पानोपानी, सगळ्यांत जास्त गुणांच्या पुढे एकच नाव होतं. काशम्मा गुरुसिद्धप्पा कलशेट्टी.

काशम्माने आयुष्यात बास्केटबॉलला हात लावला नव्हता. खेळायची ती वच्छला.

हे जमवलं होतं खेळाच्या जोतीराम सरांनी. त्यांचा संघ नवा होता आणि आदल्या वर्षी एका मुलीचं नाव वर्तमानपत्रात छापून आल्यावर तिचा बाप दुसऱ्याच दिवशी येऊन तिला ट्रंकेसकट घेऊन गेला होता. वच्छलाचे वडील कोंडीबा थिटे मोहोळच्या स्टँडवर चहा पिताना तोच पेपर पहिल्या ओळीपासून वाचायचे. मुलगी आखूड स्कर्ट घालून चारचौघांत उड्या मारते हे त्यांना कळलं असतं तर शिक्षण तिथंच संपलं असतं. अक्कलकोटला काशम्माच्या घरी मात्र कन्नड पेपर यायचा, तोही दोन दिवसांचा शिळा. मराठी पेपरात तिचं नाव आलं काय आणि नाही आलं काय. दोघी हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायच्या. सरांनी विचारलं आणि काशम्माने हसत हसत आपलं नाव देऊन टाकलं. फॉर्मवर तेव्हा फोटो लागत नसे.

आता पुण्याच्या एका बँकेत खेळाडूंसाठी जागा निघाल्या होत्या. विभागीय विजेतेपदाचं प्रमाणपत्र असेल त्याला मुलाखतीचं बोलावणं नक्की. जाहिरात वच्छलाने पंधरा दिवसांपूर्वी कापून ठेवली होती. तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती.

कारण वडील गेल्यापासून ती थोरल्या भावाकडे, रामहरीकडे राहत होती, आणि रामहरीने मंगळवेढ्याचं एक स्थळ पक्कं केलं होतं. बिजवर, दोन मुलं, चाळीस एकर ज्वारीचं रान. "नोकरीचा राजीनामा देऊन टाक. तितं कामाला माणूस पायजे, कारकून न्हाय," असं तो जेवताना म्हणाला आणि भाकरी मोडून पुढे जेवत राहिला. ती पंचवीस वर्षांची होती. नाही म्हणायला कारण लागतं, आणि तिच्याजवळ कारण नव्हतं. पुण्याची नोकरी हे कारण झालं असतं. त्या घरातून बाहेर पडायला तिला तेवढं एकच दार दिसत होतं.

सोमवारी तिने धीर करून सरांना सांगितलं होतं. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटत बसले आणि म्हणाले, "लेखी देतो. नजरचुकीनं दुसरं नाव लागलं, खेळाडू खरी तूच, असं. निभावलं तर निभावलं." ते पत्र आजच टाइप व्हायचं होतं. आणि आजच सकाळी अकरा वाजता काशम्मा दारात उभी.

"तुझी मुलगी कितीची झाली?" काहीतरी बोलायचं म्हणून वच्छलाने विचारलं.

"चौथं लागलं. अप्पाकडं ठेवून आले." काशम्मा खाली बघत म्हणाली, "मालक काय न्हेत न्हाईत आता. दुसरी केली त्यांनी. वैनी रोज इचारते, कवा जाणार म्हणून. कुटं जाऊ, ते सांगत न्हाई." मग एकदम हसली. "जाहिरात बघितली अन म्हटलं, आपण तर लई मोठे खेळाडू हाय की! पेपरात नाव हाय, कॉलेजच्या पुस्तकात हाय. माज्या नावावर तू खेळलीस, आता तुज्या खेळावर मी जगते."

वच्छलाला हसू आलं नाही. तिला राग आला होता, आणि रागाची लाजही वाटत होती.

तेवढ्यात जोतीराम सर आले. बाकावर काशम्माला बघताच त्यांचा चेहरा उतरला. "वच्छला, बाहेर ये जरा," म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

"काय मागतेय ती?"

"प्रमाणपत्र."

"अगं, मग झालंच की." सरांनी टोपी काढून टक्कल पुसलं. "तिला दिलं तर तुला पत्र देता येत नाही. तुला दिलं तर तिला नाही. दोन्ही अर्ज एकाच बँकेत एकाच सामन्याचे गुण घेऊन गेले तर विजेतेपद जाईल, माझी पेन्शन जाईल, सगळंच."

"मग काय करू मी?"

"तूच ठरव. तू जे टाइप करून आणशील त्याच्यावर सही करतो. डोळे मिटून करतो." एवढं बोलून सर मैदानाकडे निघून गेले. ते वाईट नव्हते. त्यांना निवडायचं नव्हतं, इतकंच.

वच्छला आत आली. काशम्मा तशीच बसली होती.

"सर म्हणाले, जुनी रजिस्टरं गोदामात असतील. किल्ली सोमवारी मिळेल."

काशम्मा तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वच्छे, तीन वर्सं एका खोलीत काडली आपण. खोटं बोलताना तू डावा कान धरतीस. आताबी धरलायस."

वच्छलाने हात खाली घेतला. आणि मग तिचा तोल गेला. तिने खण ओढला, रजिस्टर काढून टेबलावर आपटलं आणि पान उघडलं. "हे बघ! एकतीस विरुद्ध एकोणतीस. कोल्हापूरशी पाच सामने झाले, त्यातला एवढा एक जिंकला. बावीस गुण. हे बावीस गुण मी टाकलेत काशी, मी! तू काय केलंस? सांग की, काय केलंस? नाव दिलंस. नाव द्यायला काय लागतं?"

काशम्मा उठून टेबलापाशी आली. तिने गुण बघितले नाहीत. तिचं बोट तारखेच्या रकान्यावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"सतरा जानेवारी," ती म्हणाली. "सत्तर साल."

"हो."

"तू सांगलीला होतीस. म्हंजे मी सांगलीला होते. अन हॉस्टेलवर होती ती तू. तापानं पडलेली." ती बोलत होती ते वच्छलाला माहीतच होतं. दर सामन्याला असंच चालायचं. कागदोपत्री काशम्मा बाहेरगावी गेलेली असायची, म्हणून ती कुणाला दिसता कामा नये. खोलीला आतून कडी. मेसमध्ये जायचं नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दोन दिवस पुरवायची. संध्याकाळी रेक्टरबाई हजेरी घेत यायच्या, 'वच्छला थिटे?' म्हणायच्या आणि आतून काशम्मा नाक दाबून 'हजर' म्हणायची. परत आल्यावर दोघी त्यावर पोट दुखेपर्यंत हसायच्या.

"त्या दिवशी दुपारी तार आली," काशम्मा म्हणाली. "कॉलेजातली शिपाई चिमाबाई घेऊन आली हॉस्टेलावर. रेक्टरबाईनं आपल्या खोलीच्या दाराशीच मोठ्यानं वाचली. मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली. मग म्हटल्या, कलशेट्टी तर सांगलीला गेलीय, उद्या आली की द्या."

वच्छला मध्येच बोलली, "तू म्हणाली होतीस, तुझी न् अव्वाची गाठ पडली."

"मग काय सांगणार? तू कप घेऊन आलतीस. लई आनंदात होतीस." काशम्माचा आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. "कडीला हात लावला हुता मी. काडली न्हाई. काडली असती तर तुमचं सगळ्यांचं उघडं पडलं असतं. तुज्या बापानं तुला नेलं असतं. अठरा वर्सांची हुते, भ्याले. दुसऱ्या दिवशी तू आलीस, मग मी एसटीत बसले. गेले तवा सगळं आटोपलं हुतं. अव्वा सारखी इचारत हुती म्हणं, काशी कुटं हाय. रेक्टरबाईनं उलट तार केलती, त्यावरनं अप्पा सांगत हुते, सांगलीला गेलीय, चेंडू खेळाय."

बाहेर कुणीतरी टिपऱ्यांचं खोकं ओढत नेत होतं.

वच्छलाला वाटलं, काहीतरी बोलावं. माफ कर म्हणावं. पण सहा वर्षांनी, आणि तेही प्रमाणपत्र द्यायचं की नाही याच्या घासाघिशीत, कसलं माफ कर? त्या दिवशी शेवटची शिट्टी झाल्यावर ती मैदानभर धावली होती. आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर इतकी मोकळी ती कधीच नव्हती. आणि त्याच वेळी ही इकडे कडीवर हात ठेवून उभी होती. वच्छलाला खूप रडू आलं, पण रडायची पाळी तिची नव्हती.

तिने कॉलेजचा छापील कागद घेतला, खाली कार्बन आणि पातळ कागद लावला. या वेळी तो सरळ गेला.

'प्रमाणित करण्यात येते की कु. काशम्मा गुरुसिद्धप्पा कलशेट्टी...' ती टाइप करत गेली. एकही अक्षर चुकलं नाही. एकूण सामने तेवीस. एकूण गुण दोनशे शहाऐंशी. एका सामन्यातील सर्वोच्च गुण बावीस. सरांनी मैदानावरच, एका चेंडूवर कागद ठेवून सही केली. त्यांनी नाव वाचलं, वच्छलाकडे बघितलं आणि पेनाचं टोपण लावायला उगाच वेळ लावला.

"मुलाखतीला विचारतील गं तुला," परत आल्यावर वच्छला म्हणाली. "खेळाबद्दल. चेंडू टाकून दाखव म्हटलं तर?"

"मग आता गं?" काशम्मा पहिल्यांदाच घाबरली.

"एसटी किती वाजता?"

"साडेसहाची हाय एक."

संध्याकाळी पाच वाजता कॉलेजमागच्या कोर्टवर कुणी नव्हतं. वच्छलाने रिंगच्या समोरच्या रेघेवर तिला उभं केलं. पदर कमरेला खोचायला लावला. "वरून नको, लुगड्यात जमायचं नाही. दोन्ही हातांनी, खालून, गुडघ्यात वाक. आम्ही सगळ्या तसाच टाकायचो." तिने एकदा टाकून दाखवला. पाच वर्षांत तिने चेंडू धरला नव्हता. तो रिंगला न शिवता खाली आला.

काशम्माचा चेंडू निम्म्या वाटेतच पडला. दुसराही. वच्छला दर वेळी जाऊन आणत होती आणि तिच्या हातात देत होती. घरी मंगळवेढ्याची माणसं यायची वेळ झाली होती. रामहरीने साडेपाचला हजर राहायला सांगितलं होतं. ती जाणार होतीच. आता न जायला काही कारण उरलं नव्हतं.

"टाकता टाकता उत्तरं दे," वच्छला म्हणाली. "कोल्हापूरशी किती सामने?"

"पाच. चार हारलो."

"हरलो म्हण. जिंकलेला कुठला?"

"सांगलीचा. एकतीस-एकोणतीस."

"तुझे गुण?"

"बावीस."

"शेवटचे दोन कसे झाले?"

"शेवटची दोन मिनिटं होती," काशम्मा पाठ म्हटल्यासारखं म्हणाली. "बरोबरी होती. त्यांची उंच मुलगी आडवी आली. मी डावीकडं जाते असं दाखवलं अन उजवीकडनं गेले."

"आणि?"

"गेला आत."

"आता सगळं नीट सांग. तारखेपासून. अडखळू नकोस."

काशम्माने चेंडू पोटाशी धरला. "सतरा जानेवारी एकोणीसशे सत्तर," ती म्हणाली. "त्या दिवशी मी..." आणि तिथं ती थांबली.

वच्छलाने वाट बघितली. मग म्हणाली, "पुन्हा म्हण."

"सतरा जानेवारी एकोणीसशे सत्तर. त्या दिवशी मी सांगलीला होते." काशम्माचा आवाज स्वच्छ होता, शाळेत वाचायला उभी केल्यासारखा. "मी खेळत होते."

"बरोबर," वच्छला म्हणाली.

काशम्मा गुडघ्यात वाकली आणि तिने चेंडू टाकला. तो बोर्डाच्या खालच्या कडेला लागून कुंपणाकडे गडगडत गेला, आणि वच्छला तो आणायला निघाली.