डब्यांची मोजदाद

पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीत त्या आठवड्यात नळाला आधी फेस यायचा, मग सडक्या अंड्याचा वास. तरी बाया नाकाला पदर लावून हंडे भरायच्या. आणि दिवसभर संडासापुढं डबे घेऊन रांग. शी! माझी तीन वर्षांची बहीण राखी तर उभीच राहीना. डोळे खोल, ओठ कोरडे. मीठ-साखरेचं पाणी पाजलं की तेही बाहेर.

अशात दवाखान्याच्या ज्योतीबेन जुलाब-उलट्यांचे रोगी लिहायला वही घेऊन आल्या, गुजरातीत विचारू लागल्या. "घरमां कोईने झाडा-उलटी?"

"ना बेन, सब बरोबर," निंबाकाका म्हणाले. हातात डबा!

चाळमालक छगनशेठनं दम भरलेला, तोंड उघडाल तर नळ तुटेल, खोल्या रिकाम्या होतील. म्हणून सगळे ठणठणीत.

"आमना घर कोनीच आजारी नई शे," म्हणता म्हणताच चंपाआजी डबा घेऊन पळाली.

आईनंही राखीवर पदर ओढला. "झोपेल शे ती."

मला शिसारी आली. पाण्यापेक्षा आमचीच जास्त. शाळेत शिकवलंय, रोग यायच्या आधी अडवा, आला तर लवकर धरा, धरला की माणूस वाचवा. आमच्याकडं पहिल्या दोन पायऱ्या गटारात गेलेल्या, तिसरीवर राखी लटकलेली.

मी ओट्यावर चढले. "बेन, लिहा! आमची खोली संडासासमोर आहे, मी सकाळपासून मोजतेय. निंबाकाका सात डबे. चंपाआजी नऊ, त्यातला एक वाटेतच. भिकनमामा..."

"ए भवाने! लाज नई का तुले?" निंबाकाका ओरडले.

"लाज पाजीसन राखी बरी व्हई का?"

आजारी माणसं असलेली चौदा घरं निघाली. ज्योतीबेननं तिथूनच वर फोन लावला, आई-राखीला रिक्षात घातलं. संध्याकाळपर्यंत चाळीत माझ्याशी कुणी बोललं नाही. नका बोलू!

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या कामगारांनी गटार उपसलं. आमच्या नळाचा पाइप त्यातूनच! सांध्याला भोक, भोकावर छगनशेठच्या माणसानं गुंडाळलेला कुणाचा तरी जुना लेंगा. बुळबुळीत, काळा, आत अळ्यांची वळवळ. कामगारानं तो काठीवर उचलून धरला. इतके दिवस आम्ही त्याच्यातूनच गाळून पीत होतो.

तिकडं राखीनं सलाइन संपल्यावर पेज मागितल्याचा फोन आला. इकडं निंबाकाका गटाराकाठीच भडाभडा ओकले. मग तोंड पुसत, वही घेऊन परत आलेल्या ज्योतीबेनपुढं जाऊन उभे.

"बेन, वहीमा सुधारी ल्या. सात नई, आठ डबा व्हतात. पोरगी एक चुकनी."