एका टोपातलं जेवण

पावसाळी मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्याला ओढल्या जातात, जाळी शिवायला निघतात आणि कोळणींच्या घरात दोन महिने एक माणूस जास्तीचा होतो. रेवसच्या राहीच्या घरातला जास्तीचा माणूस म्हणजे तिचा नवरा सदा. ओट्यावर बसून तो जाळ्याला गाठी मारायचा आणि घडीघडी चहा मागायचा. चहा करायला उठायचा मात्र नाही. येतच नव्हता म्हणे त्याला. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी आधी साखर की आधी पत्ती हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

राही सकाळीच सुक्या मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजाराला जायची, ती कलत्या दुपारी परतायची. तोवर चूल, भांडी, पाणी सगळं हेतलच्या गळ्यात. हेतल त्यांची एकुलती एक लेक. यंदा ती बारावी झाली आणि पनवेलकडच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. हॉस्टेलवर राहायचं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि सदा नाही म्हणाला होता. ओरडला नाही, तमाशा केला नाही. नुसतं म्हणाला, "ही गेली तर जेवन कोन करील? तू बाजारात. मला तर काय येत न्हाय."

राहीला राग येत होता तो याचाच, की त्याचं म्हणणं तिलाही पटत होतं. बाजार सोडला तर खायचं काय? आणि नवऱ्याच्या हाताला चव नाही, चटका तेवढा बसेल, हे तिनंही खरं मानलेलं. हेतल आठेक वर्षांची असताना राही तापानं फणफणली होती. तेव्हाही अशीच बंदी होती आणि सदा घरीच होता. पोरीनं भाताचा टोप उतरवला, पेज मनगटावर सांडली. बाप दारात उभा राहून म्हणाला होता, मला यातलं काय कळतं. तो डाग हेतलच्या मनगटावर अजून होता.

शनिवारी हेतल आईला म्हणाली, हॉस्टेल राहू दे, आज तो चिकन पास्ता तरी करू. अलिबागला मैत्रिणीकडे तिनं एकदा खाल्ला होता. पोरगी हार मानून बसली हे राहीला त्या 'तरी'मधूनच कळलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं बाजारातून कोंबडी, पास्त्याचं पाकीट, क्रीम आणि चीज आणलं. हेतलनं मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. सगळं एकाच टोपात करायचं होतं. चिकन परतायचं, त्यातच पास्ता शिजवायचा, त्यातच दूध आणि क्रीम.

लसूण बटरमध्ये पडली तोच केतन दारात आला. सदा गावातल्या बोटीवर नव्हता, पार श्रीवर्धनकडच्या एका बोटीवर खलाशी होता, आणि केतन त्याच बोटीवरचा. त्या बोटीवरचं कुणी आजवर रेवसला आलं नव्हतं. हा कुणा पाहुण्याकडे अलिबागला आला होता, म्हणून डोकावला. सदानं त्याला ओट्यावरच बसवायचं पाहिलं, पण लसणीच्या वासानं तो सरळ आत आला आणि हेतलच्या हातातला डाव पाहून हसला.

"सदाभाऊ घरात हायत आन टोपापाशी पोरगी? वयनी, आमच्या बोटीवर यांच्याशिवाय कोनाच्या हातचं आमी खात न्हाय. लाटंत बोट आडवी झाली तरी यांचा रस्सा सांडत न्हाय."

सदा म्हणाला, चल बाहेर, चहा घेऊ. पण केतनचं तोंड सुटलं होतं. बोटीवर शेगडी एक, टोप एक, माणसं दहा, आणि गेली बारा-तेरा वर्षं दोन वेळचं सगळं सदाभाऊच करतात, हे त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. कुणी हसत नाही हे पाहून तो चहाला न थांबता निघून गेला.

राहीनं हेतलच्या हातातला डाव काढून घेतला आणि सदापुढे धरला.

"करा."

"अगं, हे पास्ता-बिस्ता मला..."

"करा म्हनते ना."

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. पण केतननं आता पांघरूणच ओढलं होतं. सदा उठला. त्यानं मोबाइलकडे पाहिलंही नाही. चिकन लालसर होईतो परतलं, पास्ता ओतला, बोटाच्या पेरानं पाणी मोजलं. हेतल दूध घालायला गेली तर म्हणाला, आता नको, फाटंल, आधी आच उतरव. डावा हात फडक्यासकट सगळा वेळ टोपाच्या काठाला होता. घर काही हलत नव्हतं, तरी त्यानं टोप घट्ट धरून ठेवला होता आणि पाय फाकून उभा होता. बोटीवरची ती सवय बघून राहीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. जेवढं नीट तो करत होता तेवढी ती पेटत होती. एक जरी चूक केली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पास्ता झाला, आणि चांगला झाला. दाट, मऊ, चिकन हाडापासून सुटणारं. तिघं जेवायला बसली. हेतलनं दोन घास खाल्ले आणि मनगटावरचा डाग अंगठ्यानं चोळत बसली. मग विचारलं, "बाबा, मी भाजले तवा का न्हाय केलंस?"

सदानं हातातला घास ताटात ठेवला. 

"जाळं वढायला खांदा चालंना, तवा मला टोपापाशी बसवला. बोटीवर पोरासोरांचं काम ते. घरी केलं असतं, तर बोटीवर पन हेच करतो हे गावात कळलं असतं, लोक हसले असते."

"म्हंजे तुला येत व्हतं."

"व्हय."

राहीला वाटलं होतं आपण आता तोंड सोडू, सात पिढ्या काढू. पण पोरीनं विचारलं त्याच्यापुढे तिच्या शिव्या थिट्या पडल्या. हेतल सवयीनं ताटं उचलायला उठली, तेव्हा राहीनं तिचं मनगट धरलं, डागावरच, आणि तिला खाली बसवलं.

"तू तुजी पेटी भर. सोमवारी मी येते सोडायला." मग सदाकडे न बघता म्हणाली, "मी परत येईन तवा भात झालेला पायजे."

सदानं तिन्ही ताटं गोळा केली, टोप उचलला आणि मागच्या दारी घासायला नेला.