माझ्यावर कोरलेले नाव

मित्रांनो, शाळेच्या दारात उजव्या हाताला भिंतीत बसवलेली काळी कोनशिला दिसते ना, ती मी. वय म्हणाल तर पाच-सहा वर्षांचे. पण लाजेने मी त्याहून म्हातारी झाले आहे.

साताऱ्याकडच्या खाणीतून मला मिरजेला आणले. अर्जुना पाथरवटाने घासून गुळगुळीत केले, तेव्हा मी हरखून गेले होते. मिरजेजवळच्या, कृष्णाकाठच्या या गावची शाळा ब्राह्मीताई मगदूम यांनी आखली होती. महापुराचे पाणी कुठवर चढले होते, हे त्यांनी घरोघरी जाऊन विचारले, भिंतींवरच्या खुणा मोजल्या आणि शाळा उंच खांबांवर घेतली.

मग नावांचा कागद आला. पाहुणे, सरपंच, ठेकेदार आणि शेवटी 'वास्तुविशारद : श्री. सम्मेद मगदूम'. सम्मेद म्हणजे ताईंचे यजमान. मिरजेत त्यांचे औषधांचे दुकान आहे!

"बाईंचं नाव न्हाई व्हय?" अर्जुनाने विचारले.

"मालकांचं घातलंय की," शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासो म्हणाले. "घर एकच हाय. दगडावर गडी माणसाचं नाव शोभतंय."

छिन्नी चालली. मी मुकाट्याने कोरून घेतले.

पुढच्या पुरात अर्धे गाव या शाळेत सुखरूप राहिले. पाणी ओसरल्यावर सत्कार ठरला. माझ्यावरचे नाव वाचून गावाने सम्मेदरावांना फेटा बांधला. ताईंची खणा-नारळाने ओटी भरली, त्यांची बायको म्हणून. "अहो, शाळा हिनं आखलीय," सम्मेदराव पुटपुटले. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. शेजारच्या गावाने आपल्या शाळेसाठी फोन केला, तोही सम्मेदरावांनाच.

दुसऱ्या दिवशी ताई आप्पासोंना म्हणाल्या, "तेवढं नाव बदला. मला पुढची कामं मिळायला हवीत."

"आता बदललं तर लोक समितीला हसत्याल, ताई," आप्पासो खाली बघत म्हणाले. विषय तिथेच मिटला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू जाता जाता म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. अर्जुनाला बोलवा. ते नाव तो जागच्या जागी घासून काढेल आणि तिथे ताईंचे कोरेल. अर्ध्या दिवसाचे काम आहे. मला दुखले तर दुखू द्या. आणि यापुढे कुठेही नाव कोरण्याआधी, काम कुणी केले ते विचारा.

ताई अजूनही दर पावसाळ्याआधी खांब तपासायला येतात. माझ्यासमोरून जाताना दुसरीकडे बघतात. एकदा तरी त्यांनी थांबून मला वाचावे.