खाऊच्या पेटीतला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे नुसता वयाने नव्हे, जन्मानेच जुना. माझा प्रोसेसर कुठल्याशा परदेशी कचेरीतून उतरला, रॅम एका बंद पडलेल्या शाळेतून आली आणि ग्राफिक्स कार्ड एका खेळवेड्याने कंटाळून विकलेलं. याची मला काडीचीही लाज वाटत नाही. आमच्या कुमासी शहरात 'घरी वापरलेलं' म्हटलं की गिऱ्हाईक विश्वास टाकतं. कोरं करकरीत दिसलं की नकली तर नाही ना, म्हणून दहा वेळा उलटंपालटं करून बघतं.

मला जोडलं पोकुआने. लग्नाच्या आणि अंत्यविधीच्या चित्रफिती जुळवून देणं हा तिचा धंदा, आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना फुटबॉलचा खेळ लावून देणं हा जोडधंदा. जिथे काम होतं तिथे खर्च करायचा, जिथे नुसतं मिरवणं असतं तिथे नाही, एवढंच तिचं शहाणपण. कार्ड तिने ऐपतीबाहेरचं घेतलं. पॉवर सप्लाय तेवढा नवा घेतला, कारण आमच्या विजेच्या लहरींपुढे तिथे चिकटपणा करणं म्हणजे घरालाच काडी लावणं. मग वरच्या खोक्यासाठी हातात काही उरलं नाही.

तेव्हा तिने पलंगाखालून आपली शाळेतली खाऊची पेटी ओढली. ती वसतिगृहात राहायला निघाली, तेव्हा तिच्या आईने, आफ्रियेने, ही लाकडी पेटी भरून दिली होती: भाजलेल्या कसावा कंदाचा रवा, साखर, आणि सुक्या मासळीची तिखटजाळ चटणी, शितो. पोकुआने पेटीच्या पाठीला भोकं पाडली, गरम हवा बाहेर टाकायला पंखे बसवले आणि मला आत वसवलं. गार हवा वरच्या उघड्या झाकणातून यायची. कडीला जुनं कुलूप उघडंच लटकत होतं. त्याची किल्ली शाळेतच हरवली होती.

पहिल्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली. "ताई, यात खेळायचं की जेवायचं?" एकाने विचारलं. दिवेलागणीला तोच घरी जाईना. एकदाही चित्र अडकलं नव्हतं. काचेच्या, निळ्या दिव्यांच्या खोक्यांनो, ऐकताय ना?

मला खरा विरोध झाला तो आम्पोफो मामांचा. आफ्रियेला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेनंतर सगळ्या गोतावळ्यासमोर तिची चित्रफीत दाखवायची होती, आणि ती मोठ्या स्टुडिओतच व्हावी असा घराण्याचे कर्ते म्हणून मामांचा हट्ट होता.

"माझ्या बहिणीची फिल्म शितोच्या पेटीतून निघणार? आणि तिनं दिलेल्या पेटीला भोकं पाडायला तुझा हात धजला कसा गं?"

"मामा, आईनं ही पेटी कधी रिकामी ठेवली नाही. मीपण नाही ठेवली."

मामांनी मुदत घातली. शुक्रवारी संध्याकाळी स्वतः बघेन, नाही पटलं तर सगळं चित्रण स्टुडिओत जाईल, तिथे रातोरात नवी फिल्म होईल. बाजारात केळी विकताना आई तिच्यावर खेकसते, "कॅमेरा ठेव आणि टोपली उचल!" असं एक चित्रण होतं. परक्या माणसाने ते पहिल्या फटक्यात कापून टाकलं असतं. पोकुआला तीच आई हवी होती.

शुक्रवारी उत्तरेचा कोरडा वारा सुटला, घरभर धूळ. पोकुआने मला शेवटच्या कामाला लावलं आणि ती शिंप्याकडे पांढरे कपडे आणायला गेली. मामा वेळेआधीच आले. बहिणीची पेटी सताड उघडी आणि आत धूळ जाते आहे, हे त्यांना बघवेना. खाऊच्या पेटीला कुलूप हवंच, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांनी मायेने झाकण लावलं आणि कुलूप दाबलं.

मी तापत गेलो. पण मी जळलो नाही, मित्रांनो. जळायच्या आधी थांबलो. थांबायचं कधी हे कळणं म्हणजे हार नव्हे.

पोकुआ परतली तर पडदा काळा आणि लाकूड चटका बसेल इतकं गरम. उद्या सकाळी सगळे जमणार होते.

"कुलूप कुणी लावलं?"

"मी. धूळ जात होती."

"किल्ली नाहीये मामा."

मामा पेटीवर वाकले आणि तसेच थांबले. तापलेल्या लाकडातून वर्षानुवर्षं मुरलेला शितोचा वास येत होता. "माझी पेटीपण तीच भरायची," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "सरक. मीच फोडतो."

भोकांवरून बोलणाऱ्या मामांनी स्वतःच्या हाताने पहार घालून कडी उखडली. लाकूड टवका उडून चिरलं. मी पुन्हा सुरू झालो. काम पुरं होईपर्यंत मामा धूळ अडवायला खिडकीत ओली चादर धरून उभे राहिले. फिल्म आधी बघायची गोष्ट त्यांनी काढलीही नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहात आफ्रिये खेकसली, तेव्हा सगळा गोतावळा हसला आणि मामा ढसाढसा रडले.

तर मित्रांनो, माझ्या भोकांची आणि चिरांची कीव करू नका. धूळ पुसा, हवा द्या, भरपूर काम द्या. मायेने कोंडू मात्र नका. माझी कडी अजून तुटलेलीच आहे. परवा एक सुतार म्हणाला, बसवून देतो. मामांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.