वाकडी मी होते

मी धनजच्या देवमन इंगळ्यांची जीप. बसा. मागच्या बाकावर डावीकडे नका बसू, तिथली स्प्रिंग वर आली आहे.

माझा जन्म नाशिककडच्या एका कारखान्यात झाला. जन्मले तेव्हा मी सरळ होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे गावात कोणाचा यावर विश्वास बसला नसता. पहिले मालक वाशीमचे एक ठेकेदार. त्यांनी माझ्या काचेवर स्वतःचं नाव माझ्या नंबरपेक्षा मोठं लिहून घेतलं. मग त्यांना आणखी मोठं नाव मावेल अशी गाडी हवी झाली आणि मी देवमनभाऊंकडे आले. भाऊ शेती करत आणि शेतीतून सवड मिळाली की धनज ते कारंजा सवारी नेत.

त्यांची बायको वच्छलाबाई, माहेर किन्हीराजाचं. माहेरी त्यांनी भावाचा ट्रॅक्टर चालवला होता, लायसनही काढलं होतं. मी अंगणात आले त्या दिवशी त्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ट्रॅक्टरपेक्षा हलकी हाय." मला त्या आवडल्या.

एका सकाळी कारंज्याहून परतताना शेतातून एक रोही रस्त्यावर आला. रोही म्हणजे घोड्याएवढं जनावर. त्याला रस्ता ओलांडायचा असला की तो कोणाला विचारत नाही. भाऊंनी रोही वाचवला आणि मला बाभळीवर घातलं. सवाऱ्यांना खरचटलं, भाऊंचा ओठ फुटला. रोही निघून गेला.

कारंज्यात हरिसिंगचं गॅरेज आहे. तो माझ्याखाली शिरला आणि इतका वेळ पडून राहिला की मला वाटलं, झोपला. मग बाहेर येऊन म्हणाला, "देवमनभाऊ, हिची चेसी वाकली. बॉडी उतरवून वढा लागते."

चेसी म्हणजे माझ्या पोटाखालची लोखंडी चौकट. इंजिन, चाकं, बॉडी, सवाऱ्या, सगळ्यांचा भार तिच्यावर.

"चालते ना?" भाऊंनी विचारलं.

"चालते. पन तिरपी चालन. डावीकडे खेचन."

"मंग झालं. सोयाबीन काढाले आलं. तू डेंट काढ अन् कलर मार."

अशी मी नव्यासारखी दिसू लागले आणि कुत्रं धावतं तशी तिरपी धावू लागले. समोरून येणाऱ्याला मी येते आहे की वळते आहे, ते कळत नसे. भाऊ स्टेअरिंग सतत उजवीकडे ओढून धरत. हळूहळू त्यांची मानही तिकडेच झुकली. दुसऱ्या कोणी मला चालवायला घेतलं तर दहा पावलांत घाम फुटे. मग लग्नाची नवरी असो, दवाखान्याचा पेशंट असो की खताची पोती, लोक भाऊंच्याच दारात येत. चहाच्या टपरीवर ते सांगत, "हे गाडी फक्त मलेच आयकते." ऐकत मी कोणाचंच नव्हते.

वच्छलाबाईंच्या बचत गटाची तूरडाळ कारंज्याला जायची होती. भाऊ रानात होते. वच्छलाबाईंनी किल्ली घेतली, पदर खोचला आणि मला रस्त्यावर काढलं. गिअर किती अलगद टाकला त्यांनी. पण गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर मी डावीकडे खेचलं. त्यांनी सावरलं, मी पुन्हा खेचलं आणि डाळीच्या पोत्यांसकट तुरीच्या शेतात गेले. जवळच्या पुलावर बसलेली माणसं पोट धरून हसली.

भाऊंनी येऊन मला बाहेर काढलं. "ट्रॅक्टर येगळा, गाडी येगळी," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी माझ्या चाकांचा चिखल धुताना वच्छलाबाईंनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बिघडलेला पान्हा पाहावा तसे. मला सांगायचं होतं, बाई, वाकडी मी आहे, तुम्ही नाही. पण माझ्याकडे फक्त हॉर्न आहे आणि त्याला एकच शब्द येतो.

लायसन ट्रंकेत साड्यांखाली गेलं. डाळ भाऊंना सवड मिळेल तेव्हा जाऊ लागली.

वर्ष दीड वर्ष गेलं. तिरपं धावून माझं पुढचं टायर आतल्या बाजूने झिजलं होतं. कारंज्याच्या वेशीजवळ ते फुटलं. शेजारी वच्छलाबाई होत्या, मागे डाळ. कोणाला लागलं नाही. ढकलत ढकलत मला हरिसिंगकडे नेलं.

हरिसिंगने या वेळी दोरी काढली. चेसीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत धरायची, मग उलट बाजूने धरायची. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट सरळ. दोरीचं दुसरं टोक वच्छलाबाईंनी धरलं. दुसऱ्या बाजूला दोरी चांगली चार बोटं कमी पडली.

त्या टोक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे थ्या दिवशी मी तुरीत गेली थे..."

"तुमी नाई गेल्या वयनी. गाडी गेली," हरिसिंग म्हणाला. "म्या तं भाऊले तवाच सांगतलं होतं."

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो पान्हा शोधू लागला. पान्हा त्याच्या हातातच होता.

"तुमाले ठाऊक होतं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

भाऊ फुटलेल्या टायरकडे पाहत होते. "हव."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

भाऊ म्हणाले, "तू चालवली असती तं मले कोन इचारलं असतं?"

वच्छलाबाईंनी दोरी गुंडाळली. "दीड वर्स मी माहे हात खराब समजत होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. मग हरिसिंगकडे वळल्या. "करा सरळ. लागन तितके दिवस ठेवा."

हरिसिंगने माझी बॉडी उतरवली. चेसी जमिनीतल्या खांबांना जखडली, साखळी लावली आणि जॅकने ओढायला घेतली. थोडं ओढायचं, थांबायचं, घणाचे ठोके घालायचे, पुन्हा ओढायचं. लोखंड सोडलं की मागे येतं, म्हणून हव्या त्या मापापेक्षा जरा पुढे न्यावं लागतं. तडा गेला होता तिथे आधाराची पट्टी बसवून वेल्डिंग केलं. दुखलं का, असं कोणी विचारलं नाही. दुखलं.

मला न्यायला दोघं आले तेव्हा हरिसिंगने सवयीने किल्ली भाऊंना दिली. भाऊंनी सवयीने स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. पण आता मी वळवाल तिकडेच जाणारी झाले होते. मी उजवीकडे गेले आणि टायरांच्या ढिगात शिरले.

भाऊ उतरले. ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली वच्छलाबाईंपुढे धरली. "तूच चालव."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी गटाच्या बाया, डाळ आणि मी असे कारंज्याला जातो. भाऊंना विचारायला आता पूर्वीइतकं कोणी येत नाही. सुरुवातीला ते टपरीवरही जाईनात.

तुम्हाला एकच विनंती. गाडी ठोकली तर नुसता कलर मारून घरी नेऊ नका. कोणाला तरी खाली झोपू द्या आणि तो काय म्हणतो ते घरातल्या सगळ्यांना सांगा.

परवा वच्छलाबाईंचा पाय मुरगळला म्हणून भाऊ चालवायला बसले. गावाबाहेर आलो तसे त्यांचे हात ताठ झाले.

"सोडा थोडं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"कुठी घुसन थे."

"नाई घुसत. सोडा."

त्यांनी पकड सैल केली. मी सरळ गेले. भाऊंनी एकदा शेजारी पाहिलं. वच्छलाबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या.